नाकाला झाकण नसतं

मावशीने नवरा वासावरून सोडला होता. ती स्वतःच सांगायची आणि सांगताना जराही लाजायची नाही.

"लोकं म्हंत्यात नवऱ्यानं टाकली. खोटं हाय. म्याच सोडला. माणूस वाईट न्हवता, पर वास जमला न्हाई. आंबलेल्या ताकागत यायचा. दोन वर्सं काढली. मग म्हटलं, जलम काय नाक दाबून काढायचा व्हय?"

आम्ही हळद निवडणाऱ्या बाया पोट धरून हसायचो. मी पदर तोंडात कोंबून हसायचे, कारण मला तेव्हा चारचौघींत मोठ्याने हसायचीही लाज वाटायची.

हे सांगलीतलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही साताऱ्याच्या औंधाकडून सांगलीला आलो. माझे मालक पेठेत हमालीला लागले आणि मी तिथल्याच एका शेठच्या वखारीत हळद निवडायला. वीस-बावीस बाया जमिनीवर ओळीने बसायच्या, पुढ्यात हळदीचा ढीग. लांब हळकुंडं एका बाजूला, गोल गड्डे दुसऱ्या बाजूला, किडकं-मोडकं मागे. संध्याकाळी बाहेर पडायचो ते डोक्यापासून पायांपर्यंत पिवळ्या होऊन. रस्त्यावरची टवाळ माणसं म्हणायची, "निघाल्या बघा नवऱ्या!"

मावशी आमची मुकादमीण. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने सुकलेल्या हळकुंडासारखी: बारीक, जराशी वाकडी आणि कडक. नाक मात्र तिच्या चेहऱ्याला दोन मापं मोठं. तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. शेठसुद्धा तिला मावशीच म्हणत. वखारीच्या अंगणात एक खोली होती, ती शेठनी तिला राहायला दिली होती.

माझंही नाव तिथे कुणी घेत नसे. मी सातारीण. कुणी काही विचारलं की मी मान हलवायचे, नाहीतर खाली बघायचे. पोती उचलणारा दादू हमाल तर मला मुकीच समजायचा. "हे पोतं तिकडं सरकव" एवढं सांगायला तो दोन्ही हात पसरून, गाल फुगवून पोतं करून दाखवायचा आणि मग बोटाने दिशा. मी मान हलवायचे. तो बिचारा घामाघूम. त्याला खरं सांगायचं म्हणजे बोलावं लागणार, म्हणून मी तेही सांगितलं नाही.

सकाळी मावशी वखारीच्या दारात उभी राहायची. एकेक बाई आत जाताना ती मान जराशी पुढे करायची, बस्स.

"हौसा, पिठलं. आन करपलं."

"व्हय गं बया," हौसा म्हणायची. हौसा म्हणजे माझ्या शेजारी बसणारी, तोंडाळ पण मायाळू. "आता त्येला काय आकाशवाणीवर सांगतीस?"

माझ्या दुसऱ्याच दिवशी मावशी मला म्हणाली, "सातारीण, सासूच्या बाटलीतलं तेल लावलंस."

माझे कान गरम झाले. सासूबाई माक्याचं तेल ट्रंकेत ठेवायच्या आणि किल्ली कमरेला. त्या सकाळी किल्ली काढून ठेवून आंघोळीला गेल्या तेव्हा मी बोटभर घेतलं होतं.

"तुझं सवताचं असतं तर डोकं चोपडलं असतंस," मावशी म्हणाली. "नुसता भांगात वास हाय. चोरून लावल्यालं तेल भांगाच्या पल्याड जात न्हाई."

हेच तिचं खास होतं. नाक सगळ्यांनाच असतं. वास आला की आपण म्हणतो, वास आला, आणि गप्प बसतो. मावशी तिथून पुढे चालू लागायची.

हौसाच्या नणंदेला बघायला लोणंदहून मंडळी आली होती. हौसाने मावशीला मुद्दाम नेलं. मुलगा दिसायला देखणा, खाली मान घालून बसलेला. मावशी पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने त्याच्याजवळून गेली आणि परत येऊन स्वयंपाकघरात म्हणाली, "पोरगं बरं हाय. चोरून विड्या वढतंय आन आईला लय भितंय."

"विडी ठीक हाय," हौसा म्हणाली. "आईला भितंय ह्येचा कसला गं वास?"

"विडी वढून वेलदोडा खाल्लाय. ज्येला कुणाचं भ्या न्हाई त्यो वेलदोड्याला पैसा घालवंल व्हय? लगीन करा. आईला भिणारं पोरगं बायकूलाबी भितंय."

लग्न झालं. तो गडी पुढे खरोखरच बायकोला भिऊन राहिला, असं हौसा सांगायची. त्याचं स्वतःचं तसं म्हणणं नव्हतं, पण तो कशाला सांगेल?

मावशीचा डोळ्यांवर अजिबात विश्वास नव्हता. ती म्हणायची, "डोळा म्हंजे पावना. येतो, वा वा करतो, जातो. डोळ्याला झाकण हाय, तोंडाला झाकण हाय. नाकाला आन कानाला देवानं झाकण दिलं न्हाई. का? त्यांनी राखण करायची असती म्हणून." पेठेत काही लोक हळदीला वरून रंग चोळून आणायचे. डोळा लगेच फसायचा. मावशी हळकुंड कानाजवळ धरून मोडायची. 'टक्' वाजलं तर आतपर्यंत वाळलेलं. 'मट्' वाजलं तर पोटात ओल. मग तुकडा हुंगायची, जिभेच्या टोकाला लावायची, गालाला लावायची, आणि सगळ्यात शेवटी, उपकार केल्यासारखं, डोळ्यांनी बघायची.

दर बुधवारी ती आमच्याकडून तासभर डोळे बांधून निवडून घ्यायची. वीस-बावीस बाया पदराने डोळे बांधून बसलेल्या आणि पुढे हळद. एकदा बाहेरगावचा व्यापारी आत आला आणि ही काय पूजा चालली आहे म्हणून बाहेर जाऊन चपला काढून आला. पण बुधवारच्या ढिगात खडा सापडत नसे, हे शेठनाही माहीत होतं. डोळे उघडे असले की हात आळशी होतात. मिटले की बोटांच्या टोकांना जाग येते. किडीचं भोक मला बघून कधी दिसलं नसतं, ते बोटाला आपोआप लागायचं.

पहिल्या महिन्यातली एक गोष्ट. मी आले तेव्हा हळदीचा वास इतका उग्र वाटायचा की रात्री उशीसुद्धा हळदीची वाटे. मग एक दिवस लक्षात आलं, वास येतच नाही. मी घाबरले. माझं नाक बिघडलं की काय? धीर करून मावशीच्या कानाशी जाऊन विचारलं.

ती हसली. "हळद घरची झाली आता तुझ्या. घरच्याचा वास येत न्हाई, पोरी. पावन्याला येतो. तुझ्या घरात कसला वास हाय ते तुला कवाच कळायचं न्हाई, मला इचार."

"मग तुला हळदीचा वास कसा येतो?"

तिने हात कोपरात दुमडला आणि त्या खळगीत नाक खुपसून दोन श्वास घेतले. "नाक थकलं की त्येला असं घरी न्यायचं. हितं कसलाच वास न्हाई. आपलंच अंग. घरी घटकाभर बसून आलं की नाक पुन्यांदा कामाला लागतंय."

आम्ही सगळ्या ते करून बघायला लागलो. वखारीत वीस बाया कोपरात नाक खुपसून बसलेल्या बघून दादूने मला हातवारे करून विचारलं, काय झालं? मी मान हलवली.

मग दुसऱ्या वर्षीच्या भाद्रपदात मावशीला ताप आला. सर्दी, खोकला, सगळं अंग ठणकत होतं. बारा दिवस ती खोलीत पडून होती. तेराव्या दिवशी कामावर आली, दारात उभी राहिली आणि आम्ही एकेक आत गेलो. ती काहीच बोलली नाही. बायांना वाटलं, अशक्तपणा.

त्या दिवशी सकाळी माझ्या हातून स्टोव्हवर रॉकेल सांडलं होतं आणि पदराचा एक काठ भिजला होता. बदलायला वेळ नव्हता. हौसा नाक मुरडून लांब सरकली. मावशी अर्धा दिवस माझ्या शेजारी बसून होती, तिने हूं की चूं केलं नाही. हौसा जेवायच्या वेळी म्हणाली, "ह्या सातारणीजवळ काडी वढू नगा गं," तेव्हा मावशी घाईने म्हणाली, "व्हय, मगाधरनं येतोय रॉकेलचा वास."

मगाधरनं? मावशी वासाला कधी 'मगाधरनं' थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी घरून चिमूटभर हिंग आणला. मावशी खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. मी मूठ तिच्या नाकाखाली नेली आणि उघडली. पलीकडच्या ओळीतली बाई वळून बघायला लागली. मावशीचा श्वास एका लयीत चालला होता, आत-बाहेर, आत-बाहेर. मग तिने डोळे न उघडताच विचारलं, "काय हाय हातात?"

"हिंग."

"हं." तिने डोळे उघडले. "कळलं व्हय तुला? म्हटलं, ह्या वखारीत न बोलणारीच पकडणार मला."

संध्याकाळी ती मला तिच्या खोलीत घेऊन गेली. नाक तापात गेलं होतं, अगदी कुलूप लागल्यासारखं. "तोंडबी त्येच्याच जीवावर जगत हुतं, ह्ये मला ठावं न्हवतं," ती म्हणाली. "खारट कळतंय, तिखट झोंबतंय, ऊन-गार कळतंय. बाकी समदा चिखल. काल कांदा म्हणून बटाटा खाल्ला असता तरी चाललं असतं."

मी म्हटलं, शेठना सांग. ते चांगले आहेत.

"चांगलं हाईत. पर ही खोली त्यांनी नाकाला दिलीया, मला न्हाई. नाक गेलं तर म्या कुठं जायचं? भावाच्या घरी? भावजय म्हणंल, नवरा वासावरनं सोडलास ना, आता जा त्येच्याकडं परत. आता त्योबी चालंल तुला."

आणि ती हसली. मला हसू आलं नाही.

निवडण्याचं काम ती कानाने, बोटांनी चालवू शकत होती. अडचण होती ती पेवाची. हरिपूरच्या रस्त्याला जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवत. त्यांना पेव म्हणतात. वीस-पंचवीस फूट खोल, खाली रुंद आणि तोंड एक माणूस उतरेल एवढंच. आतून पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. दोन-दोन वर्षं आत हळद तशीच राहते. पण पाणी झिरपलं तर आतल्या आत कुजते आणि वरून काही कळत नाही. पेव फोडलं की पहिला श्वास मावशीने घ्यायचा, अशी रीत होती. ती तोंडावर ओणवी होऊन हुंगायची आणि सांगायची, चांगली, भिजली, कुठल्या अंगाला. मग शेठ गिऱ्हाइकाला बोलवायचे.

दिवाळीनंतर एक पेव फोडायचं ठरलं होतं. आमच्या हातात दोन महिने होते.

"तू हुंगायचं," मावशी म्हणाली.

"मी?"

"दुसरी हौसा हाय. तिला सांगितलं तर मिरजेपतुर कळंल."

तेव्हापासून रोज काम सुटलं की अर्धा तास तिच्या खोलीत. ती माझे डोळे बांधायची आणि पुढ्यात काहीबाही ठेवायची. भिजलेलं पोतं, जुनं पाचट, किडलेलं हळकुंड, नदीकाठची माती. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला 'चांगला' नाहीतर 'घाण' म्हणाले.

"चांगला म्हंजे कसा?" ती खेकसली. "चांगलं तर माझं कपाळबी हाय. कशागत येतोय त्ये सांग. डोळ्याला बघ, तांबडा-हिरवा समदं हाय. जिभेला आंबट-गोड हाय. नाकाला सवताचा एक शबूद न्हाई. गरीब हाय बिचारं. त्येला उसनंच मागावं लागतंय. माग मग!"

मी मागायला शिकले. हा ओल्या धोतरासारखा. हा पावसात बंद पडलेल्या देवळासारखा. हा चुलीत विझवलेल्या लाकडासारखा, पण दुसऱ्या दिवशीच्या. डोळे बांधलेले असले की मला कुणी बघत नाही असं वाटायचं, आणि तोंडातून शब्द यायचे. मी एवढं बोलू शकते हे मलाच नवीन होतं. शेवटी शेवटी मावशी काही ठेवायचीसुद्धा नाही. नुसती म्हणायची, "आज बाहीर कसला वास हाय? सांग." आणि भिंतीला टेकून ऐकायची, कुणी जेवण वाढावं तशी.

खूण कशी करायची हे तिनेच ठरवलं. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात दलाल आणि व्यापारी बोलून भाव करत नसत. दोघे उपरण्याखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचे. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. आम्ही पदराखाली तसंच करायचं. एक बोट धरलं तर हळद चांगली. दोन, एखाद्या अंगाला ओल. तीन, बुरशी. चार, निम्मी गेली.

"आन पाच, सबंध पंजा, म्हंजे समदं गेलं," मावशी म्हणाली. "तशी येळ येत न्हाई. पर हिशेबात असावं."

पेव फोडायचा दिवस आला. हळद एका निवृत्त सुभेदारांची होती, साताऱ्यातल्या खंडाळ्याकडच्या. दोन वर्षं भाव नाही म्हणून त्यांनी ठेवलेली. पांढऱ्या मिशा, काठी काखेत, ताठ उभे. शेठ होते, दादू होता, चार हमाल होते आणि उगाच जमलेले आठ-दहा लोक. तापाने अजून चक्कर येते, हाताला धरायला पोरगी हवी, असं सांगून मावशीने मला पुढे आणलं.

दादूने माती काढली, वरचं पाचट काढलं. "मावशी, रिपोर्ट द्या!" सुभेदार म्हणाले.

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून ओणव्या झालो. पदराखाली तिचा हात माझ्या हातात. मी कोपरात नाक घालून घरी जाऊन आले, तोंड पेवावर नेलं आणि श्वास घेतला.

आतून ऊन वाफ आली आणि तिच्याबरोबर हळद. दोन वर्षांत मला हळदीचा वास आला नव्हता. तो एकदम पुरासारखा अंगावर आला. गोड, कडवट, लाकडी. आणि त्याच्या खाली, मावळतीच्या बाजूने, अगदी बारीक, ओल्या पोत्याचा. दोन बोटं. मला समजलं होतं. पण तेवढ्यात माझे डोळे उघडे होते म्हणून ते खाली गेले. खाली काळाकुट्ट अंधार. डोकं गरगरलं, आपण आत चाललो असं वाटलं, आणि मी हाताला आलं ते घट्ट धरलं.

हाताला आला होता मावशीचा सबंध पंजा.

मावशी क्षणभर थांबली. मग उठली, नाक पुसलं आणि पडलेल्या आवाजात म्हणाली, "शेठ, समदं गेलं. आतली हळद टाकून द्याया लागंल."

 सुभेदारांनी टोपी काढली आणि होते तिथे मातीत बसले. एवढा ताठ माणूस एकदम घडी घातल्यासारखा झाला. शेठ दादूला म्हणाले, "माती परत लोटा. उघडं ठेवून उपयोग काय?"

दादूने फावडं उचललं.

 बोलले तर मावशीचं नाक गेल्याचं उघड होणार, तिची खोली जाणार. न बोलले तर चांगली हळद मातीत जाणार. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. फावडं खाली आलं आणि तोंडातून निघालं.

"न्हाई! टाकू नगा. हळद चांगली हाय. मावळतीच्या अंगाला खाली जराशी ओल हाय, ओल्या पोत्यागत वास येतोय. बाकी समदी चांगली हाय. औंधाच्या यमाईची आन!"

फावडं हवेतच राहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, पण हळदीचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

"आयला!" दादू म्हणाला. "ही बोलती! आरं, म्या दोन वर्सं हात करून करून मेलो की हिच्याम्होरं!"

चार हमाल खो खो हसले. शेठ हसले नाहीत. ते मावशीकडे बघत होते. "मावशी, तुम्ही म्हणता गेली, ही म्हणते चांगली. खरं कुणाचं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने कमरेवर हात ठेवले.

"तिचं," ती म्हणाली. "दोन म्हैनं शिकवतीया मी तिला. आज परीक्षा हुती. म्हटलं, मुद्दाम खोटं सांगून बघावं. माझ्या तोंडाकडं बघून व्हय म्हणती, का सवताच्या नाकाचं सांगती? नाक असून भागत न्हाई शेठ, त्येच्या बाजूनं उभं ऱ्हाया लागतंय. झाली पास."

"आणि मी?" खाली बसलेले सुभेदार म्हणाले. "माझा जीव घेऊन परीक्षा काय?"

"सुभेदार, पलटणीत खोटी लढाई करत न्हाई व्हय तुमी?"

सुभेदारांनी मिशी झटकली आणि उठले.

दुपारपर्यंत पेव उघडं ठेवलं. मग दादूने कंदील दोरीने खाली सोडला. बंद पेवात वाईट हवा साठते आणि तिला वास नसतो, रंग नसतो. तिथे मावशी कंदिलापुढे मान झुकवायची. म्हणायची, "आपल्याला देवानं पाच दारं दिली, मराण मातूर भिंतीतनं येतंय." कंदील जळत राहिला. दादू उतरला. मावळतीच्या बाजूला, तळाशी, चटईखाली दोन पाट्या हळद ओली निघाली. बाकीची मोडली की टक् टक् वाजत होती. शेठ म्हणाले, "आता पेवाला दोघींनीच येत जायचं."

परत येताना मावशी झपाझप पुढे चालत होती. वखारीच्या दारात आल्यावर म्हणाली, "सबंध पंजा धरलास गं भवाने!"

"मला भ्या वाटलं."

"भ्याला आपुन बोटच ठेवलं न्हवतं," ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

त्यानंतर तीन वर्षं मी सांगलीत होते. पेवं मी हुंगायचे, सांगायची ती. मावशीचं नाक वर्षभराने थोडंसं परत आलं, पण वाकडं. चहाला जळक्या रबराचा वास यायचा आणि मोगऱ्याला कांद्याचा. "माझं नाक सासरी जाऊन बिघडून आलं," ती म्हणायची आणि चहा नाक दाबून प्यायची. संध्याकाळी "आज कसला वास हाय, सांग" हे तिने सोडलं नाही. दादू मात्र माझ्याशी मोठ्या आवाजात बोलायला लागला. मुकी नाही म्हणजे बहिरी असेल, असा त्याचा हिशेब असावा.

मग मालकांना साताऱ्याकडे साखर कारखान्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी मावशी एसटी स्टँडवर आली. मालक सामान टपावर चढवत होते. मी खिडकीशी बसले, ती खाली उभी.

"स्टँडचा वास सांग," ती म्हणाली.

मी सांगितला. डिझेल, भाजलेल्या शेंगा, कुणाच्या तरी डब्यातलं लसणाचं तिखट, ओली घोंगडी.

"आता माझा सांग."

मला कळलं नाही.

"जलमभर समद्यांचा सांगत आले. माझा कुणी सांगितला न्हाई. आपला आपल्याला कळत न्हाई. कसा हाय?"

मी खिडकीतून वाकले. तिच्या खांद्याशी, मानेशी नाक नेलं. काही नाही. मी घाबरले, सगळे वास घेऊन झाल्यावर आता आयत्या वेळी नाक बंद पडलं की काय? कोपरात नाक घालून घरी जाऊन आले. पुन्हा वाकले. शेंगांचा आला, डिझेलचा आला. मावशीचा नाही.

"येत न्हाई, मावशी," मी म्हटलं. "तुझा वासच येत न्हाई मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीच्या गजावरचा माझा हात तिने पदराखाली घेतला आणि सबंध पंजा धरला, घट्ट. बराच वेळ. कंडक्टरने घंटी मारली तरी सोडला नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. हात सोडला, नाक पुसलं आणि खिडकीतून आत वाकून बघितलं. माझ्या पलीकडे एक फेटेवाला बाबा येऊन बसत होता. मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खिडकीच्या अंगाला सरकून बस. आंबलेल्या ताकातला दिसतोय."

गाडी सुटली. गाव मागे पडेपर्यंत मी मान बाहेर काढून बसले होते. मग आत घेतली आणि हळूच, कुणाला कळणार नाही अशी, बाबाच्या बाजूला जराशी पुढे केली.

मावशी बरोबर होती.